कर्बाच्या पुरात उपाशी माती

(दृश्य: कच्चं खनिज तेल मुरलेल्या ढेकळावर पाण्याचा थेंब पडतो.)

हा थेंब नीट पाहा. तो जिरत नाही. गोल होऊन वरच बसतो आणि ढेकूळ जरा कलतं केलं की घरंगळून जातो. मातीच्या कणाकणावर तेलाचा पातळ थर चढलाय. वर पाऊस झाला तरी आतली माती कोरडीच राहते.

कणांमधल्या पोकळ्याही तेलाने बुजल्यात. हवा खेळत नाही, वाफसा येत नाही. उरलासुरला प्राणवायू संपला की त्याच्याविना जगणारे जिवाणू पुढे सरसावतात. त्यांच्या श्वसनामुळे मातीत घट्ट बसलेलं लोह आणि मँगेनीज विरघळून पाण्यात उतरतं. प्रमाण वाढलं, तर मुळांना ते विषच.

खरा घाव मात्र डोळ्यांना दिसत नाही. चांगल्या मातीत दहा-बारा भाग कर्बामागे (कार्बन) एक भाग नत्र (नायट्रोजन) असतं. कच्च्या तेलात कर्ब 85 टक्क्यांच्या आसपास, नत्र नावापुरतं. तेल खाणाऱ्या जिवाणूंना कर्ब मुबलक मिळतो, पण पेशी बांधायला लागणारं नत्र आणि स्फुरद (फॉस्फरस) ते मातीतून ओढून घेतात. रोपं पिवळी पडतात, त्यात तेलाच्या विषाबरोबर या उपासमारीचाही हात असतो.

बेंझीन, टोल्युइनसारखे हलके घटक पेशींच्या आवरणात शिरून ते ढिलं करतात. अमोनियाचं नायट्रेट करणारे नाजूक जिवाणू लवकर मार खातात. स्यूडोमोनास, ऱ्होडोकॉकस हे तेल खाणारे जिवाणू मात्र फोफावतात. संख्या वाढते, विविधता घटते. म्हणूनच नुसती जिवाणूंची मोजदाद करून माती सुधारली म्हणणं आम्हाला पटत नाही.

(दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली तेलाचे फुटणारे थेंब.)

स्यूडोमोनासच्या काही जाती साबणासारखा पदार्थ सोडून तेलाचे थेंब बारीक करतात. सरळ साखळीचे रेणू आधी संपतात. अनेक वलयांचे रेणू वर्षानुवर्षं टिकून राहतात. या जिवाणूंना हवी असते मदत: नांगरट, ओलावा, नत्र-स्फुरद. 1989 मध्ये एक्सॉन व्हाल्डेझ जहाजातून तेल सांडलं, तेव्हा अलास्काच्या किनाऱ्यावर खतंच टाकली होती. पण खत बेतानेच द्यावं. क्षार वाढले की हेच जिवाणू मंदावतात.

आणि तेल खोल गेलं, तर? नायजेरियातल्या ओगोनीलँडमध्ये ते काही ठिकाणी निदान पाच मीटर खोल उतरल्याचं संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने 2011 मध्ये नोंदवलं. तिथवर नांगर पोचत नाही. तो प्रदेश पूर्ववत व्हायला 25 ते 30 वर्षं लागू शकतात, असा त्या अहवालाचा अंदाज आहे.