टेप तू स्वतः धरली होतीस का?

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो,

शिक्षकांचा गौरव करण्याची आपली एक ठरलेली पद्धत आहे. गुरुपौर्णिमेला किंवा ५ सप्टेंबरला शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ आणि ‘यांनी आम्हाला घडवले’ हे वाक्य. या पद्धतीला माझा विरोध नाही. पण ‘घडवले’ म्हणताना नेमके काय केले हे आपण सांगत नाही, आणि ते न सांगितल्यामुळे शिक्षकाने त्यासाठी घातलेला वेळ, मारलेले हेलपाटे, भरलेले कागद हे सारे नजरेआड होते. म्हणून आज मी माझ्या बाईंविषयी नेमके तेवढेच सांगणार आहे. त्यांचे नाव घेणार नाही. ‘नाव घेतलेस तर मी येणार नाही,’ असे त्यांनी फोनवर बजावले होते, आणि त्या आल्या आहेत. कुठे बसल्या आहेत हेही विचारू नका.

नाशिकमधल्या सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत माझे वडील ज्या कारखान्यात होते तो बंद पडला, तेव्हा मी नववीत होतो. शाळा सोडून मी भाजीच्या एका गाळ्यावर हिशेब लिहायला जाऊ लागलो. वर्गात साठाच्या वर मुले होती. पटावरचे एक नाव कमी झाले असते तर कोणी जाब विचारला नसता. बाई घरी आल्या. त्यांनी आईला उपदेश केला नाही की मला रागावल्या नाहीत. रेशनकार्ड मागून घेतले, वडिलांना बरोबर घेऊन तलाठ्याकडे गेल्या, उत्पन्नाचा दाखला मिळवला आणि ई.बी.सी. म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागासांसाठीच्या फी सवलतीचा अर्ज आमच्या ओट्यावर बसून भरला. ‘व्यवसाय’ या रकान्यात काय लिहायचे यावर वडील अडले होते. बाई त्यांच्याशी बराच वेळ बोलल्या आणि शेवटी तिथे ‘फिटर’ असेच लिहिले गेले, कारण कारखाना बंद पडला म्हणून माणसाच्या हातातले कसब जात नाही, असे त्यांचे म्हणणे होते. फी माफ झाली हे खरेच. पण त्या एका शब्दाने आमच्या घरात जे सावरले गेले ते कोणत्याही सवलतीत बसणारे नव्हते. पुढे १८४० साली स्थापन झालेल्या आपल्या सार्वजनिक वाचनालयात माझे नाव घातले तेही त्यांनीच, आणि वर्गणीही त्यांनीच भरली.

बाई गणित आणि भूगोल शिकवत. गोदावरीचा पूर ओसरला की त्या आम्हाला घाटावर नेत आणि भिंतींवर राहिलेली गाळाची रेघ पायरीपासून किती उंच आहे, हे टेप धरून मोजायला लावत. एकाने मोजलेले दुसऱ्याकडून पुन्हा मोजून घेत, आणि दोघांचे आकडे जुळले नाहीत तर तिसऱ्याला पाठवत. नाशिककर पुराचे माप नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून सांगतात, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. पाणी मारुतीच्या गुडघ्याला, कमरेला की गळ्याला, एवढे कळले तरी घाटावरचा दुकानदार माल हलवायचा की थांबायचे ते ठरवतो. बाई या मापाला अडाणीपणा म्हणत नसत. ज्याच्यावर विसंबून माणूस काही करू शकतो ते उपयोगाचे माप, असे त्या सांगत आणि मग तेच पाणी आम्हाला मीटरमध्ये मांडायला लावत.

मी अभियंता होऊन जलसंपदा खात्यात लागलो. पहिल्या कामाची मोजमाप पुस्तिका लिहून झाल्यावर कौतुकाने सांगायला गेलो, तर बाईंनी एवढेच विचारले, “टेप तू स्वतः धरली होतीस का?” या पुस्तिकेतल्या आकड्यांवर कंत्राटदाराचे बिल निघते. जागेवर न जाता कोणीतरी दिलेले आकडे उतरवून खाली सही करणे किती सोपे असते, हे या क्षेत्रातल्या मंडळींना सांगायला नको. पुढे एका ठिकाणी अशाच सहीसाठी माझ्यावर दबाव आला आणि नकार दिला तर बदली होणार हे स्पष्ट झाले. बाईंनी प्रामाणिकपणावर एक शब्दही काढला नाही. मुलांच्या शाळा, दुसऱ्या गावचे घरभाडे, आईचे औषधपाणी, बदलीचा काय काय खर्च येईल ते त्यांनी कागदावर मांडायला लावले. तो आकडा पाहून मला कळले की भीती जेवढी वाटत होती तेवढी ही रक्कम मोठी नाही. बदली झाली, आणि आम्ही ती निभावली.

नंतर धरणातून सोडलेल्या विसर्गाची निवेदने मी लिहू लागलो, तेव्हाही त्यांचा फोन आला. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर हे तुला कळते, सराफ बाजारातल्या माणसाने त्याचे काय करायचे? त्यानंतर कोणत्या भागात पाणी शिरू शकते, ही ओळ मी प्रत्येक निवेदनात घालत आलो.

न्यायमूर्ती रानडे आपल्या जिल्ह्यातले, जन्म निफाडचा, १८४२ चा. त्यांचे शिष्य गोपाळ कृष्ण गोखले यांना त्यांनी जे शिकवले ते मुख्यतः सरकारी अहवाल आणि आकडेवारी बारकाईने वाचून, तपासून, पुन्हा लिहायला लावून. १८९७ मध्ये हिंदुस्थानच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे गोखल्यांनी दिलेल्या साक्षीमागे हा वर्षानुवर्षांचा अभ्यास उभा होता. बाईंची तुलना रानड्यांशी केली तर घरी गेल्यावर मला ओरडा बसेल. पण शिष्याचे काम तपासत राहणे ही रीत तीच आहे, असे मला वाटते.

आजच्या शिक्षकाने हे कधी करायचे? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीसाठी ३५ मुलांमागे किमान एक शिक्षक असावा असे ठरवले, आणि त्याच कायद्याच्या कलम २७ ने जनगणना, आपत्ती निवारण व निवडणुका ही कामे शिक्षकांकडे राहू दिली. त्यात संकेतस्थळांवर माहिती भरण्याची भर पडली आहे. एखादे मूल चार दिवस दिसले नाही, तर त्याच्या घरी जाण्याइतकी दुपार त्यांच्या हाती उरत नाही.

म्हणून आम्ही काही माजी विद्यार्थी जूनमध्ये आठवड्यातून एक दुपार शाळेच्या कार्यालयात बसून पालकांचे दाखले आणि शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देतो. माणसे कमी पडतात. ज्यांना यायचे असेल त्यांनी सभा संपल्यावर दाराशी मला भेटावे. संगणकावर मराठी टंकलेखन येत असेल तर फारच बरे.