गोणपाटातले शंभर दाणे

श्रोतेहो, नमस्कार.

मृग तोंडावर आलाय. या दिवसांत आपल्या मराठवाड्यात अनेक घरांत ओलं गोणपाट दिसतं. घरच्या सोयाबीनचे शंभर दाणे त्यात मांडायचे, गुंडाळी करायची, पाणी शिंपडत राहायचं आणि आठवड्याभरानं उघडून कोंब मोजायचे. सत्तर उगवले तर बिनघोर पेरा. चाळीसच उगवले तर जीव हळहळतो. पण रानात कळण्यापेक्षा गोणपाटात कळलेलं केव्हाही बरं. दुबार पेरणी काय असते, ते तुम्हाला मी सांगायला नको.

आज बोलायचंय ते फुटबॉलच्या मैत्रीपूर्ण सामन्यांबद्दल. दोन देश खेळतात. ना चषक, ना स्पर्धेतले गुण. माळेगावच्या यात्रेत निकाली कुस्त्या बघणाऱ्याला ही सरळ नुरा कुस्ती वाटते.

पण २५ नोव्हेंबर १९५३ ला लंडनच्या वेम्बलीवर झालेला सामना असाच होता. ब्रिटिश बेटांबाहेरच्या कुठल्याही संघाकडून इंग्लंड तोवर घरच्या मैदानावर हरलं नव्हतं. समोर हंगेरी. त्यांचा नऊ नंबरचा हिदेगकुटी पुढे गोलपाशी उभाच राहीना. मागे सरकून मैदानाच्या मधोमध खेळू लागला. त्याला अडवायला नेमलेल्या इंग्लिश बचावपटूची पंचाईत झाली. त्याच्यामागे जावं तर पाठीमागे भगदाड, जागेवर थांबावं तर हा मोकळा. हिदेगकुटीनं तीन गोल केले, हंगेरी ६-३ नं जिंकली. पणाला काहीच नव्हतं, तरी इंग्लंडचं पितळ जगापुढे उघडं पडलं. शहाणपण मात्र लगेच आलं नाही. पुढच्या मे महिन्यात बुडापेस्टला पुन्हा मैत्रीचाच सामना झाला आणि इंग्लंडनं ७-१ असा मार खाल्ला. गोणपाट उघडून बघितलं, कोंब मोजले आणि तेच बियाणं पेरलं!

काहीजण गोणपाट भिजवायचंच टाळतात. फिफा म्हणजे फुटबॉलची जागतिक संघटना. तिच्या देशांच्या जुन्या क्रमवारीत मैत्रीच्या सामन्याला वजन कमी, त्यामुळे असे सामने खेळले की सरासरी घसरायची. पोलंडनं ते जवळजवळ बंद केले, क्रमवारीत वर चढला आणि २०१८ च्या विश्वचषकात मानांकन, म्हणजे गटवाटणीत वरची जागा, मिळवलं. गटात मात्र शेवटचा आला! त्याच वर्षी फिफानं हिशेबाची पद्धत बदलली.

आता आपल्याकडे येऊ. सुनील छेत्रीचा भारतासाठी पहिला गोल २००५ मध्ये पाकिस्तानात, क्वेट्टाला झाला, तोही मैत्रीच्याच सामन्यात. २०१९ च्या आशियाई चषकाआधी भारत मुद्दाम दांडग्या संघांशी भिडला. चीनमध्ये जाऊन ०-०, जॉर्डनकडून १-२ अशी हार, ओमानशी पुन्हा ०-०. तीन सामन्यांत विजय एकही नाही. पण मुख्य स्पर्धेत पहिल्याच सामन्यात थायलंडला ४-१ नं लोळवलं. पुढचे दोन्ही सामने हरून बाहेर पडलो, तेही सांगायला हवं. तरी तयारी वाया गेली असं मी म्हणणार नाही.

आमचे काका गोणपाट मांडताना एकाच गोष्टीवर ओरडायचे, "टपोरे दाणे निवडू नको रे! पोत्यात हात घाल, येतील तसे घे."

मार्च २०२५ मध्ये छेत्री निवृत्ती मागे घेऊन परतला. शिलाँगला मालदीवशी मैत्रीचा सामना ठेवला होता. मालदीव म्हणजे अगदीच लहान बेटांचा देश. आपण ३-० नं जिंकलो, छेत्रीनंही गोल केला, टाळ्या झाल्या. सहाच दिवसांनी त्याच शिलाँगला बांगलादेशशी आशियाई चषकाच्या पात्रतेचा सामना झाला. तो ०-० सुटला. आणि पुढे त्या गटातून भारत पात्रच ठरला नाही.

नमस्कार.