पाच सेकंदांची किंमत

भुसावळहून इगतपुरीकडे जाणारी मेमू भादली, जळगाव, शिरसोली, म्हसावद अशी एकेक स्थानके घेत पाचोरा आणि चाळीसगावकडे धावते. खानदेशात भुयारी मेट्रो नाही. पण दोन स्थानकांमधल्या धावेत मेट्रोची वीज कशी वाचते हे समजून घेण्यासाठी तिची जवळची नातलग आपल्या भागात शोधायची, तर ती ही मेमूच. दोघींना वेगळे इंजिन लागत नाही, मोटारी डब्यांनाच बसवलेल्या असतात, आणि थांबून पुन्हा वेग घेण्यातच दोघींची पुष्कळ वीज खर्ची पडते. फरक आहे तो अंतराचा. मेमूला दोन थांब्यांमध्ये कित्येक किलोमीटर मिळतात, मेट्रोला अनेकदा जेमतेम एक.

त्या एका किलोमीटरचे गणित मांडून पाहू. प्रवाशांसह गाडीचे वजन 300 टन धरू. तिचा वेग दर सेकंदाला ताशी 3.6 किलोमीटरने वाढतो आणि ब्रेक लावल्यावर त्याच प्रमाणात उतरतो, असे मानू. ताशी 72 किलोमीटरपर्यंत वेग नेल्यास ही गाडी 70 सेकंदांत पुढच्या स्थानकात पोहोचते आणि त्या वेगाला तिच्या अंगी सुमारे 16.7 युनिट ऊर्जा साठलेली असते; युनिट म्हणजे आपल्या घरच्या मीटरवर मोजले जाते तेच. वेळापत्रकाने आणखी 5 सेकंद दिले, तर ताशी 62 किलोमीटरचा वेग पुरतो आणि ही ऊर्जा साडेबारा युनिटांवर येते. त्यावर आणखी 5 सेकंद दिले, तर ती 10 युनिटांच्या आसपास उतरते. म्हणजे पहिल्या पाच सेकंदांनी चार युनिटांहून अधिक वाचवले आणि पुढच्या पाचांनी अडीचच. वाढीव वेळ एकाच टप्प्यावर उधळण्यापेक्षा सगळ्या टप्प्यांवर थोडी थोडी वाटावी, असे अभियंते म्हणतात, ते यामुळेच.

गाडी हळूहळू उचलली की वीज वाचते, ही समजूत मात्र इथे फसते. वरच्याच उदाहरणात वेग घेण्याचा जोर तीस टक्क्यांनी कमी केला आणि 75 सेकंदांतच पोहोचायचे ठरवले, तर सुरुवातीला गेलेला वेळ भरून काढण्यासाठी ताशी 70 किलोमीटरपर्यंत जावे लागते, आणि पंचवीस टक्क्यांची बचत पाच टक्क्यांवर घसरते. म्हणून प्रवाशांचा तोल जाणार नाही इतपत, पण पूर्ण जोराने वेग घ्यावा, आणि मग वीज तोडून गाडीला स्वतःच्या वेगावर धावू द्यावे. रेल्वेच्या बोलीत याला कोस्टिंग म्हणतात. पोलादी चाकाला पोलादी रुळावर विरोध इतका थोडा असतो की सपाट मार्गावर वीस सेकंदांत वेग ताशी दोन-चार किलोमीटरच घटतो. उतारावर पायडल थांबवलेल्या सायकलीला हे सुख उतार संपेपर्यंतच मिळते.

पूर्ण जोर, स्थिर वेग, कोस्टिंग आणि शेवटी ब्रेक हा क्रम केवळ चालकांच्या अनुभवातून आलेला नाही. जपानमध्ये इचिकावा यांनी 1968 साली सोव्हिएत गणितज्ञ पोंत्र्यागिन यांच्या महत्तम तत्त्वाच्या, म्हणजे सर्वांत किफायतशीर मार्ग शोधण्याच्या गणिती नियमाच्या, आधारे तो मांडला. स्थानके फार जवळ असतील, तर त्यातला स्थिर वेगाचा टप्पा गळूनच पडतो. ऑस्ट्रेलियातील अ‍ॅडलेड येथे 1980च्या दशकात वीज कधी तोडावी हे चालकाला सांगणारे यंत्रही गाडीत बसवून पाहिले गेले. त्याआधी कितीतरी वर्षे, 1900 साली सुरू झालेल्या सेंट्रल लंडन रेल्वेच्या बांधणाऱ्यांनी ही बचत थेट बोगद्यातच कोरून ठेवली होती: स्थानके उंचवट्यावर ठेवल्याने येणारी गाडी चढावर आपोआप मंदावते आणि निघणारी उतारावर आपोआप वेग घेते. यात कोणतेही सॉफ्टवेअर नाही, आणि माझ्या मते याहून सुबक उपाय अजून कोणी काढलेला नाही.

ब्रेक लावताना मोटारच जनित्र होऊन वीज परत देते, मग कोस्टिंगची दगदग कशाला, असा प्रश्न विचारला जातो. वीज आधी वेगात आणि वेग पुन्हा विजेत बदलताना दोन्ही वेळा गळती होते, हे त्याचे पहिले उत्तर. दुसरे असे की, कोलकात्याच्या 750 व्होल्ट डीसी मार्गासारख्या व्यवस्थेत परत आलेली वीज घेण्यासाठी बहुधा जवळपास दुसरी गाडी त्याच क्षणी वेग घेत असावी लागते. तशी गाडी नसेल, तर ती वीज रोधकांत उष्णता होऊन जाते आणि भुयारात ती उष्णता कोणालाच नको असते. मुंबई मेट्रो तीन किंवा पुणे मेट्रोप्रमाणे 25 हजार व्होल्ट एसी पुरवठा असेल, तर वीज मागे पाठवणे सोपे जाते. दिल्ली मेट्रोचा अशा ब्रेकवर आधारलेला प्रकल्प 2007 साली संयुक्त राष्ट्रांच्या स्वच्छ विकास यंत्रणेत, म्हणजे कार्बन उत्सर्जन घटवणाऱ्या प्रकल्पांना श्रेय देणाऱ्या योजनेत, नोंदवला गेला.

प्रत्यक्षात या गणिताचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे स्थानकावरचा दरवाजा. गर्दीत तो दहा सेकंद उशिरा मिटला, की कोस्टिंगसाठी राखलेला वेळ फलाटावरच संपतो. म्हणून मेट्रोतील स्वयंचलित नियंत्रणाला गाडी सुटताना पुढच्या टप्प्याची आखणी नव्याने करावी लागते. आपल्या मेमूत हा निर्णय लोको पायलटच्या हाती असतो. पुढे दुहेरी पिवळा, म्हणजे पुढच्या सिग्नलला वेग कमी करण्याची तयारी ठेवा असे सांगणारा, सिग्नल दिसला आणि त्यानंतर थांबावे लागेल असे वाटले, तर तो तेव्हाच वीज तोडतो. कारण त्यानंतर घेतलेला वेग पुढच्या सिग्नलपाशी ब्रेक लावून सोडूनच द्यावा लागणार असतो.