गादी घेताना आधी चेन उघडा

(नागपुरातील एका ज्येष्ठ नागरिक मंडळात झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार. गादी आणि तब्येत यावर बोला, असा मंडळाचा आग्रह होता. मी म्हटलं, तब्येतीवर डॉक्टरांना बोलवा. मी गाद्या भरल्या आणि विकल्या, त्यामुळे गल्ल्यामागून जे दिसतं तेवढंच सांगतो.

गल्ल्यामागून काय दिसतं? गिऱ्हाईक येतं, वरच्या कापडावरून हात फिरवतं, दोन्ही तळव्यांनी गादी दाबतं, कोपऱ्यावर जरा बसून पाहतं आणि विचारतं, "कमी-जास्त किती होईल?" आत काय भरलंय हे विचारणारा क्वचित. इतवारीच्या बाजारात साडी घेताना पदर उलटा करून उजेडात नेणारी माणसं वीस हजारांची गादी नुसती दाबून घरी नेतात. दुकानदाराला हे ठाऊक असतं, म्हणून तो कापड भारी लावतो आणि भावात सूट मोठी दाखवतो. तुम्ही घासाघीस किमतीवर करता, त्याची कमाई आतल्या मालात असते.

म्हणून पहिली गोष्ट, खोळीची चेन उघडायला लावा. चेन नसेल, खोळ चारही बाजूंनी शिवून बंद असेल, तर आतल्या थरांचा कापलेला नमुना मागा. बऱ्या दुकानात तो असतोच. "कंपनीचा माल आहे साहेब, उघडता येत नाही" असं उत्तर आलं, तर आपण शेजारच्या दुकानात जायला मोकळे.

आता हे फोमचे दोन तुकडे पुढच्या रांगेतून मागे जाऊ द्या. दोन्ही एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. दिसायला जुळे भाऊ. फोमची प्रत डेन्सिटीवर सांगतात, म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन किती किलो. ३२ डेन्सिटी म्हणजे घनमीटरला ३२ किलो. पण घनमीटर घरात कोण मोजतो? आपल्याकडे बाजार फूट-इंचात चालतो, तर हिशेब फुटात करा. ३२ डेन्सिटीच्या एका घनफुटाचं वजन साधारण ९०० ग्रॅम, ४० डेन्सिटीच्या घनफुटाचं १ किलो १३० ग्रॅमच्या आसपास. सहा बाय तीनची चार इंची गादी म्हणजे बरोबर ६ घनफूट. ती ३२ डेन्सिटीची असेल तर आतला फोम साडेपाच किलोच्या जवळ भरला पाहिजे, ४० ची असेल तर पावणेसात. सहा बाय पाचची सहा इंची गादी १५ घनफुटांची. ३२ चा फोम साडेतेरा किलो, ४० चा सतरा किलो. खोळीचं वजन वेगळं धरा. दुकानदार ४० म्हणतोय आणि काटा अकरा किलो दाखवतोय, तर पुढे बोलण्यासारखं काही उरत नाही.

यातही एक मेख आहे. फोम तयार करताना त्यात खडूची भुकटी, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, घालता येते. वजन भरतं, डेन्सिटी कागदावर वाढते, जीव मात्र वाढत नाही. तुमच्या हातातल्या दुसऱ्या तुकड्याची कड नखानं खरवडून बघा. भुगा सुटतो ना? आता दोन्ही तुकड्यांचा एकेक कोपरा मुठीत दाबून एकदम सोडा. एक टुणकन वर येतो, दुसरा आळोखेपिळोखे देत येतो. तो दुसरा वजनात पहिल्याहून जड आहे, आणि त्यावर झोपणाऱ्याची कंबर लवकर खाली जाणार आहे. तेव्हा काटा आणि नख, दोन्ही लागतात.

चेन उघडल्यावर आत रंगीबेरंगी ठिपक्यांचा थर दिसला तर तो बॉन्डेड फोम. फोमच्या कारखान्यातली कातरण बारीक करून, गोंदानं चिकटवून, दाबून केलेला. तो जड आणि कडक असतो. खालच्या थराला असेल तर काही वाईट नाही, आधार चांगला देतो. पण त्याच्या डेन्सिटीचा मोठा आकडा दाखवून गादीच उत्तम प्रतीची असल्याचं कुणी सांगत असेल, तर तो आकडा साध्या फोमच्या आकड्याशी ताडून पाहू नका. त्यांची मोजदाद वेगळी.

आणखी एक घोळ रोजचा. डेन्सिटी जास्त म्हणजे गादी कडक, असं लोक धरून चालतात. तसं नाही. डेन्सिटी टिकाऊपणा सांगते, कडक-मऊपणा वेगळा मोजतात. मेमरी फोम, म्हणजे दाबल्यावर सावकाश वर येणारा फोम, ५० डेन्सिटीचा असूनही बोटं रुततील इतका मऊ असतो, आणि हलक्या प्रतीचा फोम नवा असताना कडक लागतो. पावसाळा संपेपर्यंत त्यात माणसाच्या आकाराचा खड्डा पडतो, ती गोष्ट निराळी.

आता कडक गादीकडे येतो, कारण या सभागृहातल्या निम्म्या लोकांच्या मनात तेच आहे. "काहो भाऊ, डॉक्टरनं कडक गादी सांगतली, एकदम लाकडासारखी दाखवा न." मी दाखवायचो, काय करणार! पण २००३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधल्या डॉक्टरांचा एक अभ्यास छापून आला. जुनाट कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांना कडक किंवा मध्यम-कडक अशी एकेक गादी दिली, आणि कुणाला कोणती हे रुग्णालाही माहीत नव्हतं. ९० दिवसांनी मध्यम-कडक गादीवाल्यांचं दुखणं जास्त कमी झालेलं निघालं. कारण समजायला सोपं आहे. माणूस कुशीवर झोपला की खांदा आणि खुबा बाहेर येतात. गादीनं त्यांना थोडं आत घेतलं नाही तर कंबर अधांतरी राहते आणि रात्रभर स्नायू तिला धरून बसतात. हाडाचा विशिष्ट आजार असेल, ऑपरेशन झालेलं असेल, तर अर्थातच तुमचे डॉक्टर सांगतील तेच ऐका. पण गादीवर 'ऑर्थोपेडिक' छापलंय म्हणून ती घेऊ नका. ती पाटी लावायला कुणाची परीक्षा द्यावी लागत नाही. छापखान्यात जावं लागतं, एवढंच.

मग आपल्याला कोणती ठीक, हे कसं कळावं? दुकानात चप्पल काढा आणि आडवे व्हा. लाजायचं नाही. लोक पंधरा सेकंद पडतात आणि उठून "बरी आहे" म्हणतात. निदान पंधरा मिनिटं पडा, घरी जशा कुशीवर झोपता तशा कुशीवर. उताणं पडून कंबरेखाली हात घाला. हात सहज आरपार गेला तर गादी तुमच्यासाठी कडक. हात शिरतच नसेल आणि पार्श्वभाग खोल गेला असेल तर फार मऊ. कुशीवर वळल्यावर बरोबरच्या माणसाला मागून पाहायला सांगा, मानेपासून माकडहाडापर्यंत पाठीचा कणा सरळ दिसतो का. नवराबायकोच्या वजनात फार फरक असेल तर दोघांनी एकदम पडून बघा, एकजण दुसऱ्याकडे घरंगळतो का. आणि आपल्या वयाच्या लोकांसाठी खास: काठावर बसून, हात न टेकता उठून बघा. काठ दबून खाली जाणारी गादी रात्री दोनदा बाथरूमला उठणाऱ्याच्या कामाची नाही.

आता आपलं नागपूर. जाहिराती बेंगळुरू-मुंबईच्या हवेला धरून लिहिलेल्या असतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, डिसेंबरात रात्री १० च्या खाली येतो. मेमरी फोम मुळात १९६६ मध्ये नासासाठी विमानातल्या आसनांच्या गाद्यांकरता तयार झाला. सेल्समन 'नासा'पर्यंत सांगतो आणि थांबतो. हा फोम उष्णतेनं मऊ होतो आणि थंडीत घट्ट, हा त्याचा स्वभावच. त्यातून अंगाची ऊब धरून ठेवतो. एसी रात्रभर चालवणाऱ्याला तो चालेल. कूलरवाल्या घरात, आणि वीज गेली तर, मे महिन्यात त्याच्यावर झोपणं शिक्षा आहे. लॅटेक्स, म्हणजे रबराच्या चिकाची गादी, तिला आरपार बारीक भोकं असतात, ती हवा खेळवते आणि वर्षानुवर्षं टिकते. फक्त महाग आणि उचलायला जड. तिच्यातही कृत्रिम रबराची भेसळ असते, म्हणून 'नॅचरल' किती टक्के ते बिलावर लिहून मागा. स्प्रिंगच्या गादीतही हवा खेळते. दोघं झोपणार असतील तर सुट्या पिशव्यांतल्या स्प्रिंगांची घ्या, एकमेकांत गुंतवलेल्या स्प्रिंगांची घेतलीत तर एकानं कूस बदलली की दुसरा जागा होतो. काथ्याची गादी कडक आणि गार. पण कूलरची दमट हवा आणि खाली दिवाणाची बंद पेटी असेल तर तिला बुरशी धरते. दिवाणाच्या प्लायवुडला कारागिराकडून भोकं पाडून घ्या, खर्च किरकोळ आहे.

आणि कापसाची गादी? विदर्भात बसून तिच्याविषयी दोन शब्द बोललो नाही तर पाप लागेल. १८७७ साली जमशेदजी टाटांनी एम्प्रेस मिल इथं उभारली, १९७६ मध्ये केंद्रीय कापूस संशोधन संस्था इथं आली, ती या कापसामुळेच. पण गिरणीला हवा तो कापूस आणि गादीला हवा तो कापूस एक नव्हे. आपला जुना देशी कापूस आखूड धाग्याचा, जाड, राठ. बारीक सुतासाठी त्याला कुणी विचारत नसे, गादीसाठी मात्र तो उत्तम, कारण राठ धागा दबल्यावर परत उठतो. २००२ मध्ये बीटी कापूस आला आणि शेतं लांब धाग्याच्या संकरित वाणांनी भरली. देशी रुई मिळणं अवघड झालं. "आमच्या आईच्या वेळच्या गाद्या अशा बसत नव्हत्या" असं तुम्ही म्हणता, त्यात आठवणीची लाडीगोडी थोडी असेल, पण रुईचा फरकही आहे.

कापसाची गादी भरून घ्यायची तर समोर बसून भरून घ्या. रुई आधी तोलायला सांगा, खोळ भरून झाल्यावर नव्हे. मूठभर रुई घेऊन उजेडात फाकवा: सरकीचे काळे तुकडे, रंगीत दोऱ्यांचे गोळे, गिरणीतला टाकाऊ भुसा दिसतोय का पहा. चिंध्या पिंजून केलेला मालही रुईत मिसळतात, तो करडा दिसतो आणि हाताला कोरडा, बेजान लागतो. टाके जवळजवळ घालून घ्या, नाहीतर रुई पायथ्याशी जमते. वर्षातून दोनतीनदा ऊन दाखवलं आणि दबल्यावर पुन्हा पिंजून घेतली, तर तीच रुई परत कामाला येते. फोमच्या बाबतीत ही सोय नाही. अंगदुखी असलेल्यानं मात्र जुनी, गोळे झालेली कापसाची गादी केवळ मायेपोटी वापरू नये.

मापाचं थोडक्यात. ७२, ७५, ७८ इंच अशा तीन लांब्या बाजारात चालतात आणि आपले सुतार चौथीच करून ठेवतात. पलंग आतून मोजा, चौकटीची जाडी सोडून, दोन्ही टोकांना आणि मध्ये. आठ-दहा इंची जाड गादी घ्यायच्या आधी पलंगाची उंची धरून बेरीज करा. पाय जमिनीला टेकले पाहिजेत.

ऑनलाइन घ्यायची तर हरकत नाही. गादी गुंडाळी होऊन खोक्यात येते, फुगायला एक-दोन दिवस लागतात, सुरुवातीला वास येतो, तो खिडक्या उघड्या ठेवल्या की जातो. 'शंभर रात्री वापरून बघा' या योजनेत परत न्यायला माणूस तुमच्या पिनकोडवर येतो का, डाग पडला तर परत घेतात का, पैसे परत देतात की दुसरी गादीच देतात, हे पैसे भरण्याआधी वाचा. 'ही सवलत फक्त दोन तास' असं घड्याळ धावताना दिसलं तर शांत बसा. ग्राहकाला अशी खोटी घाई करणं अनुचित असल्याचं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केलंय. आणि दहा वर्षांची वॉरंटी म्हणजे दहा वर्षं फुकट बदलून मिळणार, असं नाही. खड्डा अमुक खोल पडला तरच, सपाट पलंगावर ठेवली असेल तरच, डाग नसेल तरच, आणि जितकी वर्षं वापरली तितके पैसे कापून, अशा अटी असतात. खड्डा मोजायला एक लांब पट्टी गादीवर आडवी टाका आणि तिच्याखालची खोली मापा. फोटो काढून ठेवा.

(यानंतर श्रोत्यांनी प्रश्न विचारले. त्यांतले दोन इथे घेतले आहेत.)

एका ताईंनी विचारलं, सासूबाई अंथरुणाला खिळल्यात, त्यांच्यासाठी कोणती? ताई, त्यांना आम्ही विकतो त्यातली कुठलीच एकटी पुरणार नाही. वैद्यकीय सामान विकणाऱ्या दुकानात हवेची गादी मिळते, तिचे कप्पे आळीपाळीनं फुगतात आणि दाब एका जागी राहत नाही. ती साध्या गादीवर अंथरायची. तरीही दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, त्याला पर्याय नाही.

आणि मागच्या रांगेतल्या काकांचा प्रश्न: कंपनी बाहेरगावची, गादी वर्षात बसली, तक्रार कुठं करायची? आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवा. बरीच प्रकरणं तिथंच मिटतात. नाही मिटलं तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच, म्हणजे नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात, तक्रार दाखल करता येते. बेंगळुरूला जायची गरज नाही. वस्तूसाठी मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाही. पण त्यासाठी हाताशी पक्कं बिल लागेल, आणि त्यावर 'गादी १ नग' एवढंच लिहिलेलं चालणार नाही. प्रत्येक थर कशाचा, किती इंच, किती डेन्सिटीचा, एकूण वजन किती, हे लिहून द्यायला सांगा. काका, दुकानदार कुरकुरेल. लिहून मिळेपर्यंत पैसे खिशातच ठेवा.