टेलरचा कॅम्प आणि लागुनिटसचा ओढा

(सुरुवातीला फक्त पाण्याचा आवाज, मग चालत्या गाडीतून दिसणारा रस्ता)

सॅन फ्रान्सिस्कोहून गोल्डन गेट ब्रिज ओलांडला की मरीन काउंटी लागते, आणि तिथून सर फ्रान्सिस ड्रेक बुलेवार्ड धरून पश्चिमेला निघालं की एकेक गाव मागे पडत जातं, टेकड्या जवळ येतात, आणि तासाभराने रेडवूडची झाडं रस्त्याच्या दोन्ही अंगांना अशी दाटतात की भर दुपारी हेडलाइट लावावेसे वाटतात. मोबाईलची रेंज गेली की समजायचं, सॅम्युअल पी. टेलर स्टेट पार्क आलं.

कॅलिफोर्नियाच्या मानाने हे पार्क छोटंसंच, अडीच हजार एकरांहून थोडं जास्त. योसेमिटीसारखे कडे नाहीत, मोठे धबधबे नाहीत. आहे तो लागुनिटस नावाचा एक ओढा, आणि त्याच्या काठाने रेडवूडच्या सावलीत साठेक कॅम्पसाइट. प्रत्येक साइटला लाकडी टेबल, शेकोटीसाठी लोखंडी कडं आणि खाणं ठेवायला कपाट. ते कपाट नीट बंद करा बरं का, कारण इथले रॅकून रात्री कूलरची झाकणं उघडतात आणि सकाळी उठून बघावं तर पावाचं पाकीट पार झाडाखाली पडलेलं असतं.

बे एरियातली, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासची, मराठी मंडळी उन्हाळा आला की कॅम्पिंगला निघतातच. कोणी स्टोव्ह आणायचा, कोणी कणसं, कोणाकडे मोठा तंबू आहे याची यादी ग्रुपवर आठवडाभर आधीपासून फिरत असते, आणि सकाळी धुक्यात कांदेपोह्यांची फोडणी पडली की शेजारच्या साइटवाले हमखास चौकशी करायला येतात. फक्त एका साइटवर जास्तीत जास्त ८ माणसं, रात्री १० नंतर आवाज बंद, आणि बुकिंग सहा महिने आधी उघडतं, त्यामुळे जुलैतला शनिवार-रविवार हवा असेल तर जानेवारीतच सकाळी ८ वाजता लॉगिन करून बसायचं. लाकडं घरून आणू नका, तिथेच विकत घ्या. याचं कारण गंभीर आहे. १९९५ च्या सुमाराला याच मरीन काउंटीत टॅनओकची झाडं अचानक मरायला लागली, पुढे कळलं की तो एक रोग आहे, सडन ओक डेथ, आणि असले रोग आणि किडी लाकडाच्या मोळीबरोबर एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जाऊ शकतात.

(जुन्या रेल्वेच्या वाटेवरून चालत)

आता ज्यांच्या नावाने हे पार्क आहे त्या टेलरसाहेबांबद्दल. मूळचा हा प्रदेश कोस्ट मिवोक लोकांचा. मग सोन्याच्या शोधात जगभरातून माणसं कॅलिफोर्नियाला लोटली, त्यात न्यूयॉर्कहून सॅम्युअल पेनफिल्ड टेलर आला. त्याला खरंच सोनं मिळालं, ५,६९२ डॉलरचं, आणि ते उधळायचं सोडून त्याने या ओढ्याकाठी १०० एकर जंगल घेतलं. १८५६ मध्ये इथे कागदाची गिरणी सुरू झाली, पॅसिफिक किनाऱ्यावरची पहिली. चिंध्या, गोणपाट, रद्दी यांचा लगदा करायचा आणि ओढ्याच्या पाण्याच्या जोरावर कागद काढायचा. सॅन फ्रान्सिस्कोच्या वर्तमानपत्रांना कागद इथून जायचा. म्हणूनच या ओढ्याला पेपर मिल क्रीक असंही नाव पडलं.

१८७५ च्या सुमाराला साउसालिटोहून नॅरोगेज रेल्वे या ओढ्याकाठून धावायला लागली, आणि टेलरने काय हेरलं बघा, शहरातल्या लोकांना झाडाखाली तंबूत राहायला आवडेल! त्याने हॉटेल काढलं, तंबूंची जागा केली, कॅम्प टेलर नाव दिलं. निव्वळ मजेसाठी तंबूत राहायची सोय करणाऱ्या अमेरिकेतल्या अगदी पहिल्या जागांमध्ये हिची गणना होते. फेरीने खाडी ओलांडायची, आगगाडीत बसायचं, आणि ट्रंका घेऊन जंगलात उतरायचं. आज गाडीच्या डिकीतून तंबू काढणारी माणसं तेच करतात.

टेलर १८८६ मध्ये गेला. १८९३ च्या मंदीत कुटुंबाच्या हातून सगळं गेलं, १९१६ मध्ये गिरणी जळाली, आणि थकलेल्या करापोटी १९४५ मध्ये जमीन सरकारकडे येऊन पार्क झालं. रेल्वेचे रूळ गेले पण त्याची वाट राहिली, आता ती क्रॉस मरीन ट्रेल म्हणून सायकलवाल्यांची आणि बाबागाडी ढकलणाऱ्या आईबाबांची लाडकी आहे, कारण ती जवळजवळ सपाट आहे. दम असेल तर बार्नबी पीक चढा, १,४६६ फूट. टेलर कुटुंबाच्या लाडक्या खेचराचं नाव या शिखराला मिळालंय, आणि टेलरची कबरही याच डोंगराच्या वाटेवर आहे. मला विचाराल तर लहान मुलं बरोबर असतील तर पायोनियर ट्री ट्रेल करा. तिथे झाडं गोलात उभी दिसतात, मधे रिकामी जागा. तोडलेल्या म्हाताऱ्या रेडवूडच्या बुंध्याला चारही बाजूंनी कोंब फुटतात आणि त्यांचीच पुढे झाडं होतात, म्हणजे ज्या मधल्या रिकाम्या जागेत तुमची मुलं उभी राहून वर बघतायत तिथे एके काळी एकच प्रचंड झाड होतं.

(कॅमेरा पाण्याजवळ, काठावरची मुळं)

पण एवढं सगळं बघून झालं तरी मला या पार्कात सगळ्यात जास्त थांबायला आवडतं ते ओढ्यापाशी. काठावरची मुळं पाण्यात लोंबतात ना, तिथे नीट बघा. दोन इंचांपर्यंत वाढणारी, काचेसारखी आरपार दिसणारी एक गोड्या पाण्यातली कोळंबी तिथे राहते, जगात फक्त मरीन, सोनोमा आणि नापा या तीन काउंट्यांतल्या ओढ्यांमध्ये सापडते. आणि तशाच आडोशाला कोहो सॅल्मन या माशाची बोटभर पिल्लं असतात. मध्य कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर कोहो आता फार थोडे उरलेत, सरकारी यादीत ते नामशेष होण्याच्या धोक्यात आहेत, आणि जे उरलेत त्यातला मोठा हिस्सा याच ओढ्यात येतो.

या माशाचं आयुष्य साधारण तीन वर्षांचं. पिल्लू ओढ्यात जन्मतं, एक अख्खा उन्हाळा इथेच काढतं, दुसऱ्या वसंतात टोमालेस बे या खाडीतून पॅसिफिकमध्ये उतरतं, दीडेक वर्ष समुद्रात वाढतं आणि मग आपल्या ओढ्याच्या पाण्याचा वास ओळखत परत येतं. तो एक उन्हाळा फार महत्त्वाचा, कारण पाणी गार हवं, खोल डोह हवेत, लपायला जागा हवी. ओढ्याच्या वरच्या बाजूला १९५४ मध्ये पीटर्स धरण झालं, केंट लेक त्याचंच पाणी, आणि माशांची वरच्या अंगाची जुनी वाट तिथे कायमची अडली. म्हणून आता धरणातून ठराविक पाणी ओढ्यात सोडावंच लागतं. ओढ्यात आडवे पडलेले ओंडके तुम्हाला कचरा वाटतील, पण ते मुद्दाम ठेवलेत, काही तर मुद्दाम आणून टाकलेत, कारण त्यांच्याखाली डोह तयार होतात आणि पिल्लांना आसरा मिळतो.

त्यामुळे हात जोडून सांगतो, मुलांना दगड रचून बांध घालू देऊ नका, कितीही मजा येत असली तरी. पोह्यांची कढई ओढ्यात घासू नका, अगदी साबण न लावता सुद्धा. मासे पकडायला तर इथे बंदीच आहे.

(हिवाळा, पाऊस, गढूळ पाणी)

आणि एकदा डिसेंबरमध्ये या, तंबू नसला तरी चालेल. पहिला जोराचा पाऊस होऊन गेला की कोहो वर चढायला लागतात. नराच्या अंगावर लाली आलेली असते, जबडा आकडीसारखा वाकलेला. मादी एका कुशीवर होते आणि शेपटीचे फटकारे मारून गोटे उडवते, परत परत, तळात चांगला मोठा स्वच्छ खड्डा होईपर्यंत, मग त्यात अंडी घालते, आणि थोडं वर सरकून पुन्हा गोटे उडवते म्हणजे खालची अंडी झाकली जातात. खाणं तिचं केव्हाच बंद झालेलं असतं. शेपटीची कड झिजून पांढरी पडते. काही दिवस ती त्या खड्ड्यावर राखण करते आणि तिथेच मरते, नरही मरतो, आणि त्यांच्या अंगातलं समुद्राचं खत काठावरच्या झाडांना मिळतं.

बघायला चांगली जागा म्हणजे शाफ्टर ब्रिजजवळचा लिओ क्रोनिन व्ह्यूइंग एरिया. पावसानंतर दोनतीन दिवस जाऊ द्या, पाणी निवळलं की मग जा. पोलराइज्ड गॉगल असेल तर घाला, पाण्यावरची चमक जाते आणि तळ दिसतो. कुत्रा गाडीत ठेवा किंवा घरीच, हळू बोला, आणि काठावरूनच बघा, कारण उथळ पाण्यातल्या त्या गोट्यांखाली अंडी असतात आणि वरून ती दिसत नाहीत.