सूज उतरली, तरी गुडघा का दुखतो?

(इंदूरमध्ये मराठी श्रोत्यांपुढे झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, गुडघ्याची झीज एक्स-रेवर मोजायला डॉक्टर 0 ते 4 अशी श्रेणी वापरतात. केलग्रेन आणि लॉरेन्स यांनी ती 1957 साली मांडली, आजही तीच चालते. आता गंमत अशी, की चौथ्या श्रेणीचा गुडघा घेऊन रोज नेहरू पार्कात फेऱ्या मारणारे आजोबा असतात, आणि दुसऱ्याच श्रेणीत रात्री पायावर चादर नकोशी होणाऱ्या आजीही असतात. चित्र आणि दुखणं यांचा मेळ बसत नाही. सांधा बदलल्यावर तरी बसावा ना? गुडघेबदलाच्या शस्त्रक्रियेनंतर लांबलेल्या वेदनेचा 2012 साली एकत्रित आढावा घेतला गेला. वेगवेगळ्या अभ्यासांत 10 ते 34 टक्के रुग्णांचा गुडघा पुढेही दुखतच होता. ज्याला दोष द्यायचा तो सांधाच काढून टाकलेला असताना!

कूर्चेत, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत थरात, चेतातंतू नसतात, हे आधी लक्षात घ्या. झिजते ती कूर्चा. दुखतं ते सांध्याचं अस्तर, कूर्चेखालचं हाड आणि भोवतालचं आवरण. तिथले बारीक तंतू कंबरेच्या मणक्यांजवळच्या चेतागंडिकांतून, म्हणजे चेतापेशींच्या गाठींतून, मज्जारज्जूच्या मागच्या भागात, म्हणजे पृष्ठशृंगात पोचतात. या तंतूंपैकी काही निरोगी सांध्यात जवळजवळ गप्प असतात आणि दाह झाला की जागे होतात. पृष्ठशृंगात निरोप एका पेशीकडून दुसरीकडे जातो आणि तिथून मेंदूकडे. आजचा विषय या नाक्यावरचा आहे.

नाक्यावर फक्त चेतापेशी नसतात, त्यांच्याभोवती आधारपेशी असतात, ग्लिया. मेंदूत त्या चेतापेशींच्या दहापट असतात, असं पाठ्यपुस्तकं वर्षानुवर्षं सांगत आली. 2009 साली ब्राझीलच्या संशोधकांनी मेंदूचा लगदा करून त्यातली केंद्रकं मोजली, तेव्हा चेतापेशी सुमारे 8,600 कोटी आणि बाकीच्या सगळ्या मिळून सुमारे 8,500 कोटी निघाल्या. म्हणजे जवळपास निम्म्या-निम्म्या. वेदनेसाठी त्यांतले तीन प्रकार महत्त्वाचे: ताऱ्यासारखे ॲस्ट्रोसाइट, बारीक मायक्रोग्लिया, ज्यांचं वेगळेपण देल रिओ-ओर्तेगा यांनी 1919 साली दाखवलं, आणि चेतागंडिकेत प्रत्येक चेतापेशीला लपेटून बसणाऱ्या उपग्रहपेशी. ‘आधार’ या शब्दावर जाऊ नका. या पेशी ऐकतात, आणि उत्तरही देतात.

हे कळलं उंदरांवरच्या प्रयोगांतून, आणि ते प्रयोग कसे होतात हे माहीत असेल तर बातम्या वाचताना फसगत कमी होते. झिजेच्या संधिवातासाठी घूशीच्या, म्हणजे प्रयोगशाळेतल्या रॅटच्या गुडघ्यात मोनोसोडियम आयोडोॲसिटेट टोचतात, बहुधा 50 मायक्रोलिटरमध्ये 1 मिलिग्रॅम. ते कूर्चेतल्या पेशींचं साखर जाळण्याचं एक विकर (एन्झाइम) बंद पाडतं आणि पेशी मरतात. मात्रा फार वाढली तर सांध्याबाहेरचे चेतातंतूही दुखावतात. मग आपण झीज पाहतोय की चेताइजा, हेच कळेनासं होतं. आमवातासाठी, म्हणजे प्रतिकारशक्तीच सांध्यावर उलटते त्या ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिससाठी, उंदराला कूर्चेतल्या कोलॅजन-2 या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडं (अँटीबॉडी) देतात आणि काही दिवसांनी जिवाणूच्या आवरणातला एक घटक देऊन दाह भडकवतात.

वेदना मोजायची कशी? उंदीर सांगत तर नाही. जाळीच्या फरशीवर त्याला आधी बराच वेळ सरावू देतात, मग खालून नायलॉनचा ठरावीक जोराचा केस पंजाला टेकवून तो वाकेपर्यंत दाबतात आणि दोन-तीन सेकंद धरतात. पंजा उचलला तर पुढचा केस हलका, नाही उचलला तर जाड, असं करत उंबरठा काढतात. चुका इथेच होतात. उंदीर सरावलेला नसेल तर नुसत्या बावरण्यानेही पंजा उचलतो. हवेतल्या दमटपणाने नायलॉन मऊ पडतं. एवढंच काय, प्रयोग करणारा पुरुष असेल तर त्याच्या वासाच्या ताणाने उंदीर वेदना कमी दाखवतात, हे 2014 साली सिद्ध झालं. केस कोण धरतं हेसुद्धा नोंदवावं लागतं!

स्वीडनमधल्या कॅरोलिन्स्का संस्थेत कॅमिला स्वेन्सन यांच्या गटाने प्रतिपिंडांच्या या उंदरांकडे सूज उतरल्यावरही पाहणं चालू ठेवलं. काही आठवड्यांत पंजे दिसायला पूर्ववत झाले, स्पर्शाची वेदना मात्र पुढे कित्येक आठवडे टिकली. मज्जारज्जूत ॲस्ट्रोसाइट आणि मायक्रोग्लिया दोन्ही बदललेले दिसले. दाह वाढवणारं प्रॉस्टाग्लँडिन रोखणारी नेहमीची वेदनाशामकं सूज असेपर्यंत उपयोगी पडली, नंतर नाही. चेतापेशींवर काम करणारं गॅबापेंटिन मात्र दोन्ही टप्प्यांत चाललं. म्हणजे दुखणं तेच, पण त्यामागची यंत्रणा मधल्या मध्ये बदलली होती.

ही यंत्रणा काय? लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या मार्झिया मालकान्जिओ यांच्या गटाने एक साखळी उलगडली. सांध्याकडून सतत निरोप येत राहिले की पृष्ठशृंगात एटीपी हे पेशींचं ऊर्जाद्रव्य सांडतं. ते मायक्रोग्लियाच्या पी2एक्स7 ग्राहीला, म्हणजे निरोप झेलणाऱ्या प्रथिनाला, लागतं, आणि मायक्रोग्लिया कॅथेप्सिन-एस नावाचं विकर बाहेर टाकतात. ते चेतापेशीच्या पृष्ठभागावरून फ्रॅक्टल्काइन हे निरोप्या प्रथिन कापून सोडतं, आणि हा सुटा तुकडा पुन्हा मायक्रोग्लियालाच चेतवतो. चक्र सुरू झालं. संधिवाताच्या रॅटमध्ये मज्जारज्जूत कॅथेप्सिन-एस रोखलं, तेव्हा स्पर्शाची वेदना उतरली.

दुसरी साखळी चेताइजेच्या प्रयोगांतून आली, पण चादरीचं कोडं तिनेच नीट सुटतं. मेल्झॅक आणि वॉल यांनी 1965 साली सांगितलं, की स्पर्शाचे जाड तंतू पृष्ठशृंगातल्या रोधक पेशींना जागं करतात आणि त्या वेदनेचा निरोप अडवतात. गुडघ्याला तेल चोळलं की बरं वाटतं, त्याचं एक कारण हे. या रोधक पेशी पुढच्या पेशीत क्लोराइड आत जाऊ देऊन तिला शांत करतात. त्यासाठी त्या पेशीत आधी क्लोराइड कमी असावं लागतं. तळघरातलं पाणी उपसणाऱ्या पंपासारखं केसीसी2 हे प्रथिन क्लोराइड सतत बाहेर फेकत असतं. 2005 साली यव्ह द कोनिंक यांच्या गटाने दाखवलं, की चेतलेले मायक्रोग्लिया बीडीएनएफ नावाचं प्रथिन सोडतात आणि त्याने हा पंप मंदावतो. आत क्लोराइड साचतं, शांत करणारा निरोप दुबळा पडतो, कधी उलटतोही. मग ज्या स्पर्शाने वेदना अडायची, तोच स्पर्श दुखायला लागतो.

इथे थांबून एक इशारा द्यायला हवा. हे सगळं बहुतांश नर उंदरांत पाहिलेलं होतं. 2015 साली सॉर्ज, मोगिल आणि सहकाऱ्यांनी माद्या तपासल्या. त्यांतही वेदना तितकीच होती, पण मायक्रोग्लिया रोखून ती कमी होईना. तिथे प्रतिकारशक्तीच्या टी-पेशींकडे बोट गेलं. आमवात बायकांना पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त होतो, आणि त्याच्या वेदनेचं मूलभूत ज्ञान नर उंदरांवर उभं होतं. मला हे केवळ निष्काळजीपणाचं वाटतं.

माणसांत औषधं का फसली, याचं थोडं उत्तर यात आहे. प्रोपेंटोफायलिन नावाचं औषध उंदीर-घुशींत ग्लियाला शांत करून वेदना उतरवत होतं. नागिणीनंतरच्या वेदनेवर माणसांत ते चाललं नाही. त्याच कामात माणसाच्या मायक्रोग्लिया घुशीच्या मायक्रोग्लियासारख्या प्रतिसाद देत नाहीत, असंही दिसलं. शिवाय प्रयोगात औषध बहुधा वेदना सुरू होताना देतात. रुग्ण येतो तो काही वर्षांनी. म्हणून ‘ग्लियावरचं औषध’ अशी जाहिरात दिसली तर खिसा घट्ट धरा.

रुग्णांशी थेट जोडलेले दोन निकाल मात्र मला भक्कम वाटतात. 2011 साली जर्मनीत आमवाताच्या रुग्णांना दाह भडकवणारं टीएनएफ हे प्रथिन रोखणारं इन्फ्लिक्सिमॅब दिलं, तेव्हा 24 तासांतच मेंदूतल्या वेदनेच्या भागांची हालचाल कमी झाली, सांध्याची सूज उतरण्याच्या आधीच. एवढा मोठा रेणू रक्तातून मेंदूत सहजी शिरत नाही. परिणाम बाहेरच्या तंतूंवर झाला असावा. दुसरा निकाल 2021 चा: फायब्रोमायाल्जियाच्या, म्हणजे अंगभर दुखत राहणाऱ्या आजाराच्या, रुग्णांची प्रतिपिंडं उंदरांना दिली आणि उंदीर वेदनेला हळवे झाले. ती प्रतिपिंडं चेतागंडिकेतल्या उपग्रहपेशींना चिकटलेली सापडली. मज्जारज्जूच्या बाहेरच, औषध पोचू शकेल अशा जागी.

यानंतर श्रोत्यांनी प्रश्न विचारले.

‘आपलं दुखणं सांध्याचं की वरच्या नाक्याचं, हे घरी कसं ओळखावं?’ पक्कं घरी ओळखता येत नाही, पण डॉक्टरांना सांगायच्या गोष्टी आहेत: दुखणं सांध्याबाहेर पसरलंय का, हलका स्पर्श दुखतो का, झोप मोडते का, सूज नसतानाही दुखतं का. आमवातात रक्तातलं सीआरपी, म्हणजे दाह दाखवणारं प्रथिन, आणि सांध्याची तपासणी शांत असून वेदना टिकली असेल, तर दाहाचं औषध वाढवत नेण्याआधी हा प्रश्न विचारावा. मुळात नैराश्यावरचं ड्युलोक्सेटिनसारखं औषध अशा वेळी डॉक्टर विचारात घेतात. 2010 पासून अमेरिकेत ते हाडा-स्नायूंच्या जुनाट वेदनेसाठी मान्य आहे. स्वतःहून घेऊ नये, आणि अचानक थांबवूही नये.

‘मग दाहाचं औषध बंद करायचं का?’ अजिबात नाही. सतत येणाऱ्या निरोपांनीच वरचं चक्र सुरू होतं, म्हणून दाह लवकर आटोक्यात आणणं हाच आजचा सर्वांत खात्रीचा उपाय. आमवातावरचं मेथोट्रेक्सेट चालू असेल तर ते आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी. चुकून रोज घेतलं तर रक्तपेशी घटतात आणि जीवही जाऊ शकतो. पाकिटावर तो वार मोठ्या अक्षरात मराठीत लिहून ठेवा, औषध घरातलं दुसरं कुणी देत असेल तर जरूरच.