फळी, बल्ली आणि दोर

[दृश्य: पहाट. मोकळं मैदान. लोखंडी पिंपं, लाकडी ओंडके, कुठे पांढरा तर कुठे लाल रंग.]

ही एक फळी. ही बल्ली, म्हणजे लाकडी वासा. हा दोर. आणि हे जड खोकं, याला इथं ‘लोड’ म्हणतात. समोरच्या दोन रेषांमधल्या जमिनीवर पाय ठेवायचा नाही. आठ-दहा जणांनी या सगळ्या सामानासकट पलीकडे जायचं. म्होरक्या कोणी नेमलेला नाही. सैन्यातले अधिकारी निवडतानाची ही एक चाचणी.

सैन्यात अधिकारी व्हायचं म्हटलं की घरात आधी चर्चा होते ती लेखी परीक्षेची. ती सुटली की एसएसबीचं, म्हणजे अधिकारी निवडणाऱ्या मंडळाचं, बोलावणं येतं. प्रयागराज, भोपाळ, बंगळुरू, जिथलं येईल तिथं पाच दिवसांचा मुक्काम. पहिल्याच दिवशी चाळणी लागते आणि बरेच जण त्याच दिवशी परतीची गाडी पकडतात. उरलेल्यांच्या छातीवर नंबर असतो. पुढचे चार दिवस तेच त्यांचं नाव.

[दृश्य: शिट्टी. मुलं धावत सामानापाशी येतात.]

नियम थोडे, पण कडक. लाल रंगाला ना अंग लागलं पाहिजे, ना सामान. फळी आणि बल्ली घट्ट बांधून एक लांब दांडा करायचा नाही. लोड फेकायचा नाही. एकामागोमाग चार अडथळे, पुढचा मागच्यापेक्षा अवघड.

आणि इथंच घोटाळा होतो. ‘पहिली कल्पना तूच मांड, आवाज चढा ठेव’ असं कोणीतरी कानात सांगितलेलं असतं. मग तिघं एकदमच बोलायला लागतात. फळी अधांतरी लोंबकळते. मागे लोड सावरत उभा असलेला मुलगा काहीतरी सांगू पाहतोय. त्याचं म्हणणं बहुधा बरोबरही असतं, पण ऐकतो कोण? मैदानावरचा परीक्षक, म्हणजे जीटीओ, बाजूला उभा राहून नुसता पाहत असतो.

या खेळाचं मूळ दुसऱ्या महायुद्धात आहे. मुलाखतीत छाप पाडणारे अनेक उमेदवार पुढे प्रशिक्षणात टिकेनात, तेव्हा १९४२ साली ब्रिटनने निवडीची पद्धतच बदलली. नेता न नेमता गटाला काम द्यायचं, ही चाचणी मानसोपचारतज्ज्ञ विल्फ्रेड बायन यांची. तिच्यातली मेख मोठी छान आहे. प्रत्येकाला स्वतःची निवड हवी असते, पण स्वतःला दाखवायची संधी मिळते ती इतरांबरोबर काम करतानाच. आपलंच काळीज धडधडत असताना शेजाऱ्याचा पाय घसरतोय हे दिसतं का, एवढंच पाहायचं.

[दृश्य: गडाची चढण. सगळ्यात मागे दोघं, एकाच्या खांद्यावर दोन पिशव्या.]

मग तयारी कसली करायची? गाठी मारता याव्यात, फळी कुठे टेकवायची ते कळावं, हे दोन दिवसांत जमतं. वेळ लागतो तो सवयींना. खो-खो, कबड्डी, फुटबॉल, काहीही चालेल, पण गटात खेळा. ट्रेकला गेलात तर एखाद्या दिवशी सगळ्यात मागे राहिलेल्याबरोबर चाला. याची जाहिरात कोणताच क्लास करत नाही, कारण याची फी कशी लावणार?

मराठी माध्यमातल्या मुलांना खरी धास्ती इंग्रजीची. इथं भाषण तीन मिनिटांचं असतं. रोज एक विषय घेऊन तेवढा वेळ उभं राहून बोललं की महिन्याभरात जीभ सैल होते. शब्दांच्या चाचणीत ६० शब्द येतात, प्रत्येकावर वाक्य लिहायला १५ सेकंद. एवढ्या वेळात पाठ केलेलं वाक्य आठवत बसणारा मागे पडतो. साधं, आपलं वाक्य लिहून मोकळं व्हावं.

[दृश्य: लोखंडी बार. हात थरथरतायत.]

शरीराचं गणित वेगळं. एनडीएत, म्हणजे खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, जाणाऱ्याला पुश-अप आणि सिट-अप किमान २०, चिन-अप किमान ८ जमायला हव्यात, दोरावर तीन-चार मीटर चढता यायला हवं. यात रडवते ती चिन-अप. आज एकही येत नसेल तर आठवर पोचायला काही महिने धरा. धावणंही हळूहळू वाढवा. उत्साहात एकदम अंतर वाढवलं की नडगी दुखायला लागते आणि मग महिनाभर घरी.

सातारची सैनिक शाळा १९६१ पासून मुलांना याच वाटेवर आणते आहे. पुढे खडकवासल्याला तीन वर्षं, मग भूदलासाठी डेहराडूनच्या सैन्य अकादमीत एक. २०२२ पासून खडकवासल्याच्या प्रबोधिनीत मुलीही आहेत.

[दृश्य: पाचवा दिवस. बाकावर ओळीने बसलेली मुलं.]

एकेकाला आत बोलावतात. काही प्रश्न, बहुतेकदा अगदी साधे. मग सगळे बाहेर एकत्र, आणि नंबर पुकारले जातात. कधी चार, कधी एक, कधी एकही नाही. बाकीचे छातीवरचा नंबर उतरवून परत देतात, एकमेकांचे फोन नंबर घेतात आणि गाडीत बसतात.

[दृश्य: रिकामं मैदान.]

फळी, बल्ली आणि दोर पुन्हा पहिल्या रेषेच्या अलीकडे आणून ठेवले आहेत. उद्या दुसरी तुकडी येणार आहे.